धाकट्या भावाचा अर्धा वाटा

अरविंदराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेत होतो. "देसाईकाका, बाबा गेले," एवढंच मुग्धा म्हणाली. मी दुधाची बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली, मग पुन्हा काढली, आणि पैसे देऊन झाल्यावरही तिथेच उभा राहिलो. त्याला आता महिना होऊन गेला. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतली आमची मराठी मंडळी भेटली की म्हणतात, "चला, सुटले बिचारे." आजारातून सुटले, हे खरंच आहे. पण माझ्या पोटातला राग काही जात नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना राग बाजूला ठेवावा म्हणतात... मला ते जमणार नाही.

आम्ही दोघेही पुण्याहून इथे चाळिशी उलटल्यावर आलो. ते पाण्याच्या पाइपलाइनचे इंजिनिअर, मी ड्राफ्ट्समन. एकाच ऑफिसात कामाला लागलो, एकाच ट्रेनने वेलिंग्टनला ये-जा केली, तरी शेवटपर्यंत आमचं अहो-जाहो सुटलं नाही. उसनी नेलेली शिडी परत देताना पुसून आणणारा हा माणूस. दुसऱ्याचं काही आपल्याकडे राहिलं की त्यांना झोप येत नसे. मी त्यांना चिडवायचो, "अरविंदराव, तुमच्या घरी चोर आला तर त्यालाच पावती द्याल." ते मनापासून हसायचे. इथे त्यांनी घर कधी घेतलं नाही. निवृत्त झालं की कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जाऊन राहायचं, असा त्यांचा आणि निर्मलावहिनींचा बेत होता.

तो फ्लॅट खरं तर दोघा भावांचा होता. धाकटा श्रीकांत तेव्हा एका लहानशा खाजगी नोकरीत, त्याच्या पगारावर बँक कर्ज देईना. म्हणून कर्ज आणि फ्लॅट दोन्ही अरविंदरावांच्या एकट्याच्या नावावर झालं, आणि हप्ते दोघांनी निम्मे निम्मे भरले. कागद काही केला नाही. भावाभावांत कसला कागद! आपल्याकडे निम्म्या घरांची हीच रीत असते. पुढे वहिनींचं दुखणं निघालं, पुण्याचा बेत मोडला. अरविंदराव एकटेच जाऊन फ्लॅट विकून आले आणि येण्याआधी श्रीकांतचा अर्धा वाटा त्याच्या खात्यात टाकला. स्वतःचा वाटा वहिनींच्या आजारपणात, आणि त्या गेल्यावर घरभाड्यात हळूहळू संपला.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली ती पुरती परतली नाही. ते मुग्धाकडे राहायला आले, पण ती आणि तिचा नवरा दोघेही नोकरीवर, घरात दोन जिने. शेवटी वृद्धांच्या केअर होममध्ये जायचं ठरलं. इथे त्याच्या दोन परीक्षा असतात. पहिली, माणसाला खरंच काळजी लागते का. त्यासाठी एक सामोअन बाई घरी आल्या, तर आमचे हे महाशय इस्त्रीचा शर्ट घालून, वॉकर सोडून, पाहुणीसाठी चहा ठेवायला उठले! ओट्याला धडकून पडता पडता वाचले. "आय ॲम फाइन, आय ॲम फाइन," हे चालूच. बाई म्हणाल्या, "यू सिट, अरविंद. आय मेक द टी." या परीक्षेत त्यांनी नापास व्हायला हवं होतं, आणि ते पास व्हायला धडपडत होते. तरी बाईंना जे दिसायचं ते दिसलं.

दुसरी परीक्षा पैशांची. जवळची शिल्लक ठरावीक रकमेच्या आत असेल तर खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतं, आपण आपलं पेन्शन द्यायचं. शिल्लक जास्त असेल तर सगळा खर्च आपला. अरविंदरावांची शिल्लक कमीच होती. पण मागच्या काही वर्षांत कुणाला पैसे दिलेत का, हेही विचारतात, आणि मोठी रक्कम कुणाला भेट म्हणून दिली असेल तर ती अजून तुमच्याजवळच आहे असं धरतात. लोकांनी पोरांच्या नावावर पैसे करून सरकारच्या दारात उभं राहू नये, म्हणून हा नियम. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण कोथरूडचा फ्लॅट कागदावर एकट्या अरविंदरावांचा, आणि अर्धी रक्कम गेलेली भावाला. निकाल आला की ही भेट आहे आणि पूर्ण फी तुम्हीच भरा. म्हणजे मुग्धाने भरा, कारण त्यांच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

या निकालाचा फेरविचार मागता येतो. मुग्धाने तो मागितला, आणि आम्ही सगळे निर्धास्त होतो. श्रीकांतने दोन ओळी लिहून द्यायच्या, की फ्लॅटचे निम्मे हप्ते मी भरले होते, मिळाले ते माझेच पैसे. बस. मुग्धाने फोन केला तेव्हा मी समोरच होतो. स्पीकरवर श्रीकांतचा आवाज आला, "अगं, लिहिलं असतं मी, पण माझ्या रिटर्नमध्ये सीएने ती रक्कम दादाकडून भेट अशी दाखवली आहे. भावाच्या भेटीवर टॅक्स नसतो ना. आता उलटं लिहिलं तर जुनी फाइल उघडेल." मुग्धा म्हणाली, "काका, माझं घर जाईल." त्यावर तो म्हणाला, "असं काही होत नाही गं, तिकडचं सरकार चांगलं आहे." आठवड्याने त्याचं पत्र आलं. त्यात सुबक इंग्रजीत लिहिलं होतं, की माझ्या वडीलबंधूंनी ही रक्कम मला प्रेमाने भेट दिली.

ते पत्र मुग्धाने फाडून टाकायला हवं होतं. पण बाबांच्या नावाने आलेलं पत्र म्हणून तिने ते बाबांना दिलं.

फेरविचार करणाऱ्या समितीसमोर सोबतीला मी गेलो. टेबलापलीकडे तीन माणसं होती. माओरी रीतीने 'किया ओरा' म्हणून त्यांनी स्वागत केलं, अरविंदरावांना पाणी दिलं, घाई नाही म्हणाले. मी माझ्या परीने भांडलो. एकत्र कुटुंब म्हणजे काय, मोठ्याच्या नावावर घर का घेतात, सगळं सांगितलं. मधल्या बाईंना पटत होतं, मला दिसत होतं ते. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "तुमच्या भावाने याबद्दल काही लिहून दिलंय का?" मी 'नाही' म्हणणारच होतो. तेवढ्यात अरविंदरावांनी चांगल्या हाताने कोटाच्या खिशातून ते पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं... बाईंनी वाचलं, शेजारच्याकडे सरकवलं. त्या म्हणाल्या, "थँक्यू, अरविंद." खरंच हळहळून म्हणाल्या. गाडीत मी आवाज चढवला, "कुणी सांगितलं होतं ते दाखवायला?" ते म्हणाले, "त्यांनी विचारलं, देसाई. खिशात असताना नाही कसं म्हणू?"

निकाल कायम राहिला. पुढे आणखी वरच्या पायरीवर अपील करता आलं असतं. मी कागद आणले, ते सही करेनात. "श्रीकांतला खोटं पाडायला मी जाऊ? त्याला तिकडे नोटीस आली तर?" त्यांचा तोल गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "माझा भाऊ आहे तो!" आणि मी तोंडावर बोललो, "मग मुग्धा तुमची कोण?" त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. मुग्धाने एक गाडी विकली, फार्मसीत शनिवार-रविवारचं काम धरलं. तिची मुलगी रिया एकदा आजोबांसमोरच म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर, आजोबा." त्यानंतर आठ-दहा दिवसांत मी गेलो तर केअर होममधली त्यांची खोली रिकामी. नर्स म्हणाली, मागच्या बाजूला हलवलंय, त्यांनीच मागून घेतलं. पुढच्या खोलीतून हार्बर दिसायचा, त्याचे रोजचे जादा पैसे पडत. मागची खोली साधी, खिडकीबाहेर कार पार्क. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "हे बरं आहे. कोण आलं ते आधी कळतं." तिथेच ते वर्षभर राहिले, आणि तिथेच झोपेत गेले.

पुण्याच्या मंडळींना शोकसभा करायची होती, व्हिडिओवर. मुग्धा म्हणाली, "खोलीचे पैसे शनिवारपर्यंत भरलेत, तिथेच बसू." तिने पलंगावर टॅब उभा केला. आम्ही दोघं भिंतीशी खुर्च्या घेऊन बसलो. तिकडे हॉल भरलेला, फोटोला हार. बरीच माणसं बोलली, आणि शेवटी श्रीकांत उठला. तो रडत होता, ते नाटक नव्हतं, हेही सांगायला हवं. म्हणाला, "दादासारखा सरळ माणूस आता होणे नाही. आमचा फ्लॅट कागदावर त्याच्या एकट्याचा होता. त्याने मनात आणलं असतं तर मला काय करता आलं असतं? पण विकला त्याच दिवशी माझे निम्मे पैसे मला दिले. माझेच होते ते, माझ्या कष्टाचे. पण न मागता दिले."

आम्ही हेच तर मागितलं होतं. दोन ओळी आणि खाली सही. आता भरल्या हॉलमध्ये, फुकट... मी उठलोच होतो, पण मुग्धाने माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

डोळे पुसत श्रीकांत म्हणाला, "मुग्धा, जरा समुद्र दाखव गं. दादा दर रविवारी फोनवर सांगायचा, आज भरती आहे, आज होड्या आल्यात. परवाच्या फोनवरसुद्धा सांगत होता."

मला तेव्हा भावापेक्षा माझ्या मित्राचाच जास्त राग आला. तीन परक्या माणसांसमोर ज्याला एक 'नाही' म्हणता आलं नाही, तो वर्षभर दर रविवारी भावाला समुद्र सांगत होता. कशासाठी, तर त्याला तिकडे स्वस्थ जेवता यावं म्हणून. आणि इकडे पोरगी शनिवार-रविवार काउंटरमागे उभी.

मुग्धाने टॅब उचलला आणि खिडकीच्या काचेशी धरला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. ओल्या गाड्या, कचऱ्याचे मोठे डबे, पलीकडे लॉन्ड्रीची भिंत.

"अगं, समुद्र दुसऱ्या बाजूला असेल," श्रीकांत म्हणाला.

"नाही काका," मुग्धा म्हणाली, "बाबांना एवढीच खिडकी होती."