फ्रेंच सोपी का स्पॅनिश, आणि मी चौथी पास

फ्रेंच सोपी का स्पॅनिश, हे आमच्या आंजीत कोणाला ठरवायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं. दोन्ही भाषांत नापास झालेला माणूस गावात मी एकटाच आहे. शिक्षण माझं चौथी, आणि तेही मास्तरांकडे आमच्या वाडीतली भाजी जायची म्हणून. आता वय झालं, बायको गेली, तोंडात पुढचे दात नाहीत. अशा माणसानं परदेशी भाषा शिकायला घेतली याला गावानं जे नाव ठेवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी आणि माझी बायको वर्ध्याच्या बाजारात भाजी घेऊन बसायचो. वांगी, पालक आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मी तराजू धरायचा, तिनं बोलायचं. नव्वदच्या त्या सालांत एक गोरी बाई दर हिवाळ्यात सेवाग्रामकडे सूत कातायला शिकायला यायची आणि बाजाराच्या दिवशी आमच्याकडून भाजी न्यायची. दिवाळीनंतर आली की होळीच्या आधी परत. मी तिला इंग्रजीण म्हणायचो. बायकोनं एक दिवस मला झापलं.

"इंग्रजीण नोका म्हणू वो. तिची माय फ्रान्सची हाय न् बाप स्पेनचा. दोन्ही भाषा बोलते ते घरात."

"तुले कसं समजलं?"

"इचारलं म्हून."

"कोन्या भाषेत?"

"तोंडानं," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

माझा सासरा नाचणगावचा, बैलबाजारातला दलाल. बैलाचा भाव मोठ्यानं बोलत नाहीत. दोघांचे हात दुपट्ट्याखाली जातात, बोटं दाबून भाव सांगतात आणि वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गोष्टी करतात. बायकांचं ते काम नाही, पण माझी बायको बापाच्या मांडीवर बसून शिकली होती. तिनं ते त्या बाईला शिकवलं. मग दोघी पदराखाली हात घालून सांबाराच्या जुडीचा सौदा करायच्या. भाव समोर पाटीवर लिहिलेला असायचा, तरी करायच्या. बाजार जमायचा पाहायला. बाई हरली की हसायची आणि बायको तिच्या पिशवीत वरून दोन वांगी टाकायची. म्हणजे हरायचं आम्हीच. मी तराजू धरून तोंड वाकडं करायचो.

बायको पोळ्याच्या आठवड्यात गेली. ताप आला, उतरला, परत आला, आणि गेली. गावात कोणाला सांगावं लागलं नाही. खांदा द्यायला गावच होतं. नाचणगावाला निरोप दुसऱ्यानंच दिला. बाजारात गेलो तर तिथंही आधीच कळलेलं. त्यामुळं ती गेली हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मला ते बरंच वाटत होतं.

मग दिवाळी जवळ आली. आता ती बाई येणार. तिला कोणी सांगितलेलं नसणार. ती हसत येईल, पदराखाली घालायला हात पुढे करील, आणि सांगायचं मला.

कसं सांगणार? बाईला आमच्या बाजारातली हिंदी येत होती, म्हणजे मला वाटत होतं तेवढीच येते. कितना, ताजा, जादा, खतम. सांबार संपला की मी तिला सांगायचो, "खतम." पालक संपला, "खतम." आता बायकोसाठी तोच शब्द वापरू काय? जुडीला जो शब्द, तोच तिला? ते माझ्यानं होणार नव्हतं. म्हणून ठरवलं, बाईच्या घरच्या भाषेत सांगायचं. भाषा दोन. जी सोपी ती घ्यायची.

हे मी माझ्या साळ्याला बोललो. तो जीप चालवतो, नागपूरच्या स्टेशनावरून विदेशी पाव्हणे सेवाग्रामला आणतो. त्याच्या मते जगातल्या सगळ्या भाषा त्याला येतात, फक्त पाव्हण्यांना त्या समजत नाहीत.

"भाऊजी, तुमाले मराठी तं धड येत नाई," तो म्हणाला.

"तुया बहिणीसाठी करून राह्यलो."

पुढच्या खेपेला तो नागपूरच्या फुटपाथवरून दोन पातळ पुस्तकं घेऊन आला, हिंदीतून फ्रेंच आणि हिंदीतून स्पॅनिश. फ्रेंचवर लोखंडी बुरुजाचं चित्र, स्पॅनिशवर बैलाचं. माझं मन तिथंच बैलाकडे झुकलं होतं, पण म्हटलं, इमानदारीनं दोन्ही पाहू. वांग्याचं पोतं घेताना वरची पाहून घेत नसतात, खाली हात घालावा लागतो.

सून बी.ए. आहे. ती संध्याकाळी पुस्तक धरायची आणि मी ओट्यावर बसून म्हणायचो. आधी फ्रेंच. ह्या भाषेत लिहिलेली निम्मी अक्षरं बोलायचीच नाहीत. मी सुनेला म्हटलं, हे तर वजन मारणाऱ्या व्यापाऱ्यासारखं झालं, पाटीवर एक आणि पिशवीत भलतंच. उरलेली अक्षरं जातात कुठं? सून म्हणाली, "नाकात जातात, बाबा." खरंच, अर्धी फ्रेंच नाकातून येते. मी नाकातून लावून धरली. शेजारीण आल्याचा चहा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी काढा. तिसऱ्या खेपेला तिनं सुनेलाच झाडलं, "म्हातारा सर्दीनं मरून राह्यला न् तू पुस्तक वाचून राह्यली!" फ्रेंचनं माझी तब्येत सुधारली, एवढं मी म्हणतो.

मग स्पॅनिश. ही भाषा आपल्यासारखी, लिहिलं ते बोलायचं. कुठं चोरी नाही. मला वाटलं, झालं काम. पण तिच्यातला र भारी. तो जिभेवर नाचवावा लागतो, बैल हाकताना आपण ढुर्र करतो तसा. आणि जागा दातांच्या मागची, जिथं माझे दात नाहीत. सुनेच्या अंगावर थुंकी उडायला लागली तेव्हा तिनं पुस्तक पदराआड धरलं आणि मला शेतात जाऊन अभ्यास करायला सांगितलं. गेलो. सकाळी वांग्याचे कट्टे, म्हणजे पोती, गाडीवर चढवले, बैल जुंपले, आणि गाडीमागे उभं राहून तो र लावला. बैल निघाले. गाडीवर वांगी होती, मी खाली होतो. रस्त्यापर्यंत मी "होऽऽ, होऽऽ" करत धावलो, आणि निम्मी वांगी नाल्यात. साळा म्हणाला, "भाऊजी, बैल पास झाले, तुमी नापास."

तरी निकाल मी स्पॅनिशच्या बाजूनं दिला. सोपी म्हणजे काय? जिच्यात आपण चुकलो तर निदान बैलांना तरी समजते ती.

अडचण पुढंच होती. दोन्ही पुस्तकांत कोणी मरत नव्हतं. पानोपानी माणसं हॉटेलात खोली मागत होती, टमाट्याचा भाव विचारत होती, एकमेकांना आपल्या बायकोची ओळख करून देत होती. मेरी पत्नी अध्यापिका है. मेरी पत्नी बाजार जाती है. बाजार जाती है, हे वाक्य मी पुढं नेलंच नाही. सुनेनं पान उलटलं.

शेवटी साळ्यानं जीपमधल्या एका पाव्हण्याला गाठलं. तो स्पेनचा होता. त्याला हातवारे करून विचारलं, बायको मेली हे तुमच्यात कसं म्हणतात?

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! त्याले वाटलं मायीच बायको मेली. त्यानं जीप थांबवाले लावली न् मले पोटाशी धरलं."

"अन् तू?"

"मी बी रडून घेतलं, भाऊजी. बायको नाई तं बहीण होती ना." मग त्यानं नाक पुसलं आणि तीन शब्द सांगितले. मी मुखेर मुरियो. मी मुखेर म्हणजे माझी बायको, आणि मुरियो म्हणजे उरलेलं.

तीनच शब्द. मी ते पालक धुताना म्हटले, जेवताना म्हटले, बैलांना सांगितले. ह्यात नाचणारा र नाही म्हणून बैल उभे राहिले. सून म्हणाली, "बाबा, आता पक्कं झालं." आणि खरं सांगतो, ते शब्द म्हणताना मला काही होत नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या बायकोबद्दल बोलल्यासारखं वाटायचं. मला तेच हवं होतं.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराला बाई आली. केस आणखी पांढरे, पाठीवर तीच झोळी. बायको बसायची ते पोतं मी शेजारी अंथरून ठेवत होतो, सवयीनं. बाईनं लांबून हात वर केला, हसली, येऊन आपल्या ओढणीचं टोक सोडवलं आणि हात त्याखाली तयार ठेवला. मग रिकाम्या पोत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मी मुखेर," मी म्हणालो.

पुढचा शब्द आला नाही. तो तोंडात होता, मला त्याची चवसुद्धा कळत होती, पण निघाला नाही. परत म्हटलं, "मी मुखेर." बाईला माझी स्पॅनिश स्पॅनिश वाटलीच नसावी. तिला वाटलं असेल, म्हातारा आज स्वतः सौदा करून राह्यला. तिनं ओढणीखालचा हात माझ्याकडे सरकवला. मीही आपला हात खाली घातला. आता कोणतं बोट दाबायचं? माझ्या सासऱ्यानं तो हिशेब मला कधी शिकवला नव्हता. माझा हात तिथं नुसता पडून राहिला.

बाईचं हसू थांबलं. आणि ती बोलली, अगदी माझ्या बायकोच्या सुरात, शेवटी तसाच हेल काढून.

"काऊन वो? बाई कुठी गेली?"

एवढी सालं मी तराजू धरून बसलो होतो आणि पदराखाली दोघींचे फक्त भाव चालले आहेत असं समजत होतो. माझी बायको तिला आपली बोली देत होती, मोफत, वरच्या वांग्यांसारखी. आणि मी इकडं नाकातून फ्रेंच काढत होतो.

"मेली," मी म्हणालो. "पोयाच्या टायमाले. ताप आलता. मेली ते."

बोलून झालं तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. बाई बायकोच्या पोत्यावर बसली, पण हात तिनं काढला नाही. ओढणीखाली माझी बोटं तिनं घट्ट धरली. मीही धरली. वरून काही दिसत नव्हतं. वर्ध्याच्या भरबाजारात एक म्हातारा परक्या बाईचा हात धरून रडतो आहे हे कोणाला कळलं असतं तर गावात जायची सोय राहिली नसती. लोकांना वाटलं, दरवर्षीची गंमत सुरू झाली. दोनचार जण थांबलेही पाहायला.

बाजूच्या कांदेवाल्यानं आवाज दिला, "काय बुढ्या, कितीले पटला सौदा?"

"थांब ना बे," मी म्हणालो. "सुरू हाय अजून."