बांधाखालचं तेल

विमानतळ येणार, येणार असं पनवेलात नुसतं बोललं जात होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासर शिरढोणच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की लागणारं गाव. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला होता, सकाळी सातला जायचा. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि त्या पदवीचा घरात तोवर एकच उपयोग झाला होता. औषधाच्या बाटल्यांवरचं इंग्रजी मी वाचून दाखवत असे.

भातकापणी उरकली होती, खाचरांतले वाल फुलोऱ्यावर आले होते. एका सकाळी सासरे शेतावरून परत आले ते नेहमीपेक्षा भराभर चालत. मी त्यांना बाबा म्हणते. ओसरीवर टेकायच्या आधीच म्हणाले, "बांधावर कोनी लाल चिंधी बांधलेली खुंटी मारलीय."

आमच्याकडे त्या बांधाविषयी असं सहज कुणी बोलत नसे. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्या शेतांमधला तो बांध. थोरल्या सासऱ्यांचं म्हणणं, बाबांनी तो हातभर त्यांच्याकडे सरकवला. बाबांचं म्हणणं अगदी तेच, फक्त उलट. नऊ वर्षं दोघं बोलत नव्हते. घराची भिंत एकच, त्यामुळे निरोप माझ्यामार्फत जायचे. "त्यांना सांग, म्हैस सुटलीय." मी भिंतीपलीकडे जाऊन सांगायची. त्यांनी ते आधीच ऐकलेलं असायचं.

बाबांना वाटलं खुंटी भावाने मारली. भावाला वाटलं ती बाबांनी मारली. दोघं एकाच वेळी ग्रामपंचायतीत तक्रार करायला पोचले, तर तिथल्या फळ्यावर नोटीस लागलेली. ती वाचायला मला बोलावणं आलं. मी पिठाचे हात पुसत गेले आणि मोठ्याने वाचलं, की खनिज तेल व नैसर्गिक वायूच्या शोधासाठी या परिसरात भूकंपमापन सर्वेक्षण होणार असून ठिकठिकाणी खुंट्या मारून छिद्रे घेतली जाणार आहेत.

पंचायतीच्या खोलीतले सगळे फळ्याजवळ सरकले.

"तेल म्हंजे खायचं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही हो, पेट्रोल-डिझेल. जमिनीखालचं."

"आमच्या बांधाखाली?" बाबा म्हणाले.

"आमच्या," थोरले सासरे म्हणाले. नऊ वर्षांनी दोघांमध्ये झालेलं हे पहिलं संभाषण.

संध्याकाळपर्यंत गाव जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होतं. चुलीजवळ सासूबाईंनी मला विचारलं, की दुबईला ती माणसं उंट का पाळतात, आपल्याला म्हैस चालेल ना. शेजारची वहिनी म्हणाली, आपण दिवसभर गाडीतूनच फिरायचं, वाल खुडायलासुद्धा गाडीतूनच. आम्ही इतक्या हसलो की भाकरी करपली, आणि ती करपली म्हणून आणखी हसलो.

दुसऱ्या दिवशी पनवेलहून चाचा आपली जीप घेऊन आले. ते शहरातल्या मोहल्ल्यात राहायचे, पण आमच्या शेताला लागून त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. बावीस वर्षं आखातात, तेलाच्या विहिरींवर काढलेली. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं. गावाला यापेक्षा मोठा जाणकार कुठे मिळणार? चाचांनी वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, हुंगली.

"काय वाटतंय?" बाबांनी श्वास रोखून विचारलं.

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले. तेवढ्यावर आमचे चार दिवस गेले.

मग मशीन आलं. आम्हाला आकाशाला भिडणारा मनोरा अपेक्षित होता. आला तो ट्रॅक्टरवर बसवलेला एक लांबुळका खांब, एक पाण्याचा टँकर, दहा-बारा माणसं आणि त्यांचे साहेब. साहेब म्हणजे एक बाई निघाली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, नागपूरकडची, पायात जाड बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. सगळे तिला मॅडम म्हणायचे. परवानगीचा कागद घेऊन ती आमच्या ओसरीवर आली तेव्हा कळलं, की सातबाऱ्यावर अजून दोन्ही भावांची नावं एकत्रच आहेत, म्हणजे सह्या दोघांच्या हव्यात, एकाखाली एक. चाचांच्या जीपच्या बॉनेटवर कागद पसरून त्या झाल्या. वर सही कोणाची यावर थोडं थांबावं लागलं. मॅडमने शांतपणे कागद आडवा केला आणि म्हणाली, आता शेजारी-शेजारी करा.

तिने समजावून सांगितलं. ही तेलाची विहीर नव्हे. लहान, खोल भोकं पाडायची, तळाशी थोडी दारू ठेवून उडवायची, आणि जमिनीत खोचलेल्या यंत्रांनी तो धक्का ऐकायचा. त्यावरून खालचे थर कसे आहेत ते कळतं.

"म्हणजे जमिनीची सोनोग्राफीच समजा," ती म्हणाली.

सासूबाई पदराआडून म्हणाल्या, "मंग मुलगा का मुलगी ते सांगू नका, बंदी हाय."

मॅडमने हेल्मेट काढलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवसापासून तिचा दुपारचा चहा आमच्याकडे ठरला.

एक गोष्ट मात्र तिने हसत सांगितली नाही. तेल लागलंच तरी ते सरकारचं असतं. शेतकऱ्याला जमीन वापरल्याची आणि पिकाची भरपाई मिळते, खालच्या मालावर हक्क नसतो. मला वाटलं, आता ओसरी सुतकात जाणार. बाबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. शेवटी म्हणाले, "पन निगल तर आमच्याच खालून ना?"

"हो."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि उठून मशीन बघायला गेले.

पुढचे तीन आठवडे गावातले जमीनदार त्या मशीनच्या मागे वरातीसारखे फिरले. जमीनदार म्हणजे एकर-दोन एकरवाले. ज्याच्या शेतात भोक, तो त्या दिवशी धुतलेला सदरा घालून यायचा. लोखंडी नळ्या फिरत खाली जायच्या, पाण्याबरोबर राखाडी भुकटी वर यायची, आणि तिच्यावर चर्चा व्हायची. कोणाची भुकटी काळपट, कोणाची बारीक. आमच्या बांधावरच्या भोकाला काळा पाषाण लागला आणि दोन दिवस गेले. बाबा भावाला तिथे एकटं सोडायला तयार नव्हते, भाऊ बाबांना. दोघं बांधाच्या दोन टोकांना बसायचे. पहिल्या दिवशी मी दोघांसाठी दोन किटल्या नेल्या. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाली, एवढं कशाला, एकच आणा. मी एकच आणली, बांधाच्या मधोमध ठेवली आणि वळून न पाहता घरी आले. परत गेले तेव्हा किटली रिकामी होती.

याच सुमारास सर्वेक्षणवाल्यांचा स्वयंपाकी बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला तो आलाच नाही. माणसं बिस्किटांवर दिवस काढू लागली. तिसऱ्या दिवशी चाचांना ते बघवेना. सदऱ्याच्या बाह्या सारून ते तंबूत शिरले, सुरी मागितली आणि कांदे कापायला बसले. आम्ही सगळे दारात उभे. सुरी दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. पाच मिनिटांत परातभर कांदा, एकेक काप कागदासारखा.

बाबा हळूच म्हणाले, "चाचा, तुमी तेलाच्या विहिरीवर काय करत होतात?"

"खाना पकवत होतो," चाचा म्हणाले. "दोनशे माणसांचा."

"कदी बोलला नाय."

"कधी विचारलं नाही." त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. "आणि ती माती हुंगली ना, तिला वालाचा वास येत होता. अच्छी माती आहे."

त्या दिवशीचं जेवण असं झालं, की चाचांचा मान कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दोन्ही भावांनी एकाच पंगतीत बसून दोनदा भात मागून घेतला.

आणि मग तो बुधवार. मी ओढ्यावर कपडे धूत होते. साचलेल्या पाण्यावर मला तवंग दिसला. जांभळा, निळा, सोनेरी. मी केमिस्ट्रीची पदवीधर, मला शांत राहायला हवं होतं. मी साबण तिथेच टाकून धावत सुटले.

अर्धं गाव ओढ्यावर आलं. मला तोवर कॉलेजातल्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. लोहाच्या मातीत काही जिवाणूंमुळे असा तवंग येतो. काडीने टोचलं की त्याचे काचेसारखे तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. खरं तेल असेल तर फाटलेलं परत जुळतं. मी काडी घेतली, सगळ्यांना हे सांगितलं, आणि टोचलं. तवंगाचे तुकडे झाले. आम्ही वाट पाहिली. तुकडे तसेच तरंगत राहिले.

"नाही," मी म्हणाले.

"परत टोच," थोरले सासरे म्हणाले.

मी परत टोचलं. बाबा म्हणाले, "तिकडून टोच." तिकडूनही तेच.

वाटलं होतं, लोक हिरमुसतील. झालं उलटंच. सुनेला तेल ओळखता येतं, ही बातमी आसपासच्या वाड्यांत पोचली. पुढचे चार दिवस मी नुसती काड्या घेऊन फिरत होते. एक जण तर सुकापूरहून मोटारसायकलवर आला, त्याच्या विहिरीवर तवंग होता. सासूबाई अभिमानाने माझ्या मागे, तेल लागलंच तर म्हणून, रिकामा डबा घेऊन चालायच्या. मी डबकी टोचली, चर टोचले, एका घरातलं माठाचं पाणीसुद्धा टोचलं. सगळीकडे काचा.

पाचव्या दिवशी आमच्याच बांधाच्या खालच्या चरात मी काडी फिरवली आणि फाटलेला तवंग वळत वळत परत एकत्र आला. मी पुन्हा टोचलं. पुन्हा जुळला.

"जुळलं," मी म्हणाले.

बाबांनी थोरल्या भावाचा दंड धरला. भावाने तो सोडवून घेतला नाही. कोणीतरी मॅडमला आणायला पळालं. ती आली, गुडघ्यांवर बसली, बोट बुडवलं, हुंगलं आणि काही न बोलता चराच्या कडेकडेने वर चालत गेली. आम्ही सगळे तिच्या मागे, एका रांगेत, एकमेकांचे सदरे धरून. चर ट्रॅक्टरखाली जाऊन संपला. वरून टप टप डिझेल गळत होतं.

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. "तपासणी बरोबर होती," ती म्हणाली. "शंभर टक्के बरोबर."

प्रथम मी हसले, मग ती, मग थोरले सासरे. त्यांना हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते. बाबा तर बांधावर बसूनच हसले, कारण उभं राहवत नव्हतं.

शेवटच्या दिवशी भोकांतली दारू उडवली. आम्हाला दूर, रस्त्याच्या पलीकडे उभं केलं होतं. एका माणसाने शिट्टी वाजवली. मोठा आवाज होईल म्हणून सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते, पण आवाज कानांत आलाच नाही, पायांच्या तळव्यांत आला. जमीन एकदा खालून हलकेच उचलली गेली आणि बसली. पोटात गुदगुल्या झाल्या. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून लहान पोरांसारखी खिदळायला लागली. "आणखी एकदा करा," सासूबाई म्हणाल्या. आणखी अकरा वेळा झालं, आणि दर वेळी त्या दोन्ही पायांवर घट्ट उभ्या राहून वाट बघायच्या.

दुपारी चाचांनी शेतातच पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून, मडकं उपडं ठेवून वर जाळ. मॅडमने ती पहिल्यांदाच खाल्ली. जाताना तिने मला विचारलं, तू पुढे का शिकत नाहीस. मी म्हटलं, आता काय. तर बाबाच मागून म्हणाले, "शिकंल की."

पुढच्या जूनमध्ये मी पनवेलला बी.एड.ला जायला लागले. आज सोळा वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. मशीनच्या ट्रॅक्टरने बांध पार सपाट केला होता. पेरणीआधी तो नव्याने घालायची वेळ आली तेव्हा तो नेमका कुठे होता हे कोणालाच सांगता येईना. दोन्ही भावांनी दोरी धरून, दिवसभर भांडत, नवा घातला. भांडण तोंडानेच झालं, माझ्यामार्फत नाही.

दोन वर्षांनी मॅडमचा फोन आला. तिने माझी चौकशी केल्यावर मी विचारलं, काय निघालं हो आमच्या खाली. ती म्हणाली, काळा पाषाण, फार जाड थर. त्याच्या खालचं स्पष्ट काही दिसलं नाही, त्यामुळे ते काम पुढे गेलं नाही.

बाबा शेजारी उभे होते. मी त्यांना सांगितलं.

"स्पष्ट दिसलं नाय," ते म्हणाले. "म्हंजे नाय असं नाय."

"तसं म्हणता येईल," मी म्हणाले.

त्यांनी टोपी घातली आणि ते भावाला सांगायला पलीकडे गेले.