गप्प बसलेल्या दोघी

माझे वडील पाळक होते. जळकोटजवळच्या एका गावात आमचं पत्र्याचं छोटं चर्च होतं आणि त्याला लागून आमच्या दोन खोल्या. लातूर जिल्हा तेव्हा झाला नव्हता. कचेरीचं काही काम निघालं की लोक उस्मानाबादची वाट धरत.

रविवारी वडील जुन्या करारातलं एक स्तोत्र म्हणवून घेत. ते एकेक ओळ म्हणत, देवानं आभाळ केलं, समुद्र दुभंगला, रानातून आपल्या लोकांना चालवलं. दर ओळीमागे सगळी मंडळी एकच उत्तर देई, त्याची माया सरत नाही अशा अर्थाचं. बायकांचा आवाज पुढे, गड्यांचा रेंगाळत मागून. सांजच्याला भांडी घासतानाही मी ते गुणगुणत असे.

मग दुष्काळ आला. नदीच्या वाळूत झिरे खोदून लोक वाटीवाटीनं पाणी भरत. आमच्या मंडळीतली एक बाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. मी तिला मावशी म्हणायची. तिची नुकती चालायला लागलेली मुलगी त्या गढूळ पाण्यानं हगवण लागून गेली. मावशी पुढच्या रविवारी चर्चमध्ये आली, पण उत्तराची वेळ आली की ओठ मिटून बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच.

एका म्हाताऱ्यानं वडिलांना बाजूला घेतलं. "पाळकसाहेब, तिला जरा समजावा. देवावर रुसून राहिली ती."

वडील काही बोलायच्या आतच आईनं आपल्या मनाचं केलं. पुढल्या रविवारी ती पहिल्या ओळीतली जागा सोडून मावशीला खेटून बसली, आणि तीही गप्प राहिली.

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "तू का गप होतीस?"

आई चूल फुंकत होती. "ती एकटी गप बसली की समद्यांच्या डोळ्यांत येती. दोघी बसलो की न्हाई येत."

"पण शब्द खरे हायत ना?"

"मग मी म्हणले न्हाई म्हणून खोटे होतेत का?"

मी मध्येच तोंड घातलं, "दुष्काळ बी देवानंच धाडला का?" मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "मला ठाऊक न्हाई, बाई."

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी उपदेशात एक हिब्रू शब्द सांगितला, हेसेद. पाळकाच्या शिक्षणात ते थोडं हिब्रू शिकले होते. म्हणाले, "आपण त्याला दया म्हणतो. पण दया करणारा उभा असतो आणि घेणारा खाली बसलेला. हेसेद म्हणजे एकदा आपलं म्हटलेल्या माणसाजवळून न उठणं. ते माणूस रुसलं तरी, बोललं न्हाई तरी." बोलताना त्यांनी त्या दोघींकडे पाहिलं नाही. पण मी पाहिलं. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तोवर मला जुन्या करारातला देव म्हणजे टोळधाडी पाठवणारा, सतत तापलेला वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला चर्चमध्ये आमच्या चटईवर बसलेला दिसला.

पुढे पाऊसपाणी झालं, खडीची कामं बंद झाली, तरी दोघी गप्पच. एकदा मी आईला विचारलं, "तुला म्हणावं वाटत न्हाई का?"

"लई वाटतं," ती म्हणाली.

मी शिकून मोठी झाले आणि वडिलांची बदली लातूरला झाली. त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. सरकारी पाट्यांवर पेंटर नवी नावं रंगवत होते, गंजगोलाईच्या बाजारात गर्दी मावत नव्हती. त्या धामधुमीत एका सकाळी वडील बाजारातून येताना छातीला हात लावून बसले ते उठलेच नाहीत.

दफन झालं, रविवार आला. त्यांचं आवडतं म्हणून दुसऱ्या पाळकांनी तेच स्तोत्र घेतलं. आईचे ओठ हलेनात. पहाटेची एसटी धरून मावशी गावाहून आली होती, आईला खेटून बसली होती.

"तुमी गप ऱ्हावा, बाई," ती हळूच म्हणाली. "तुमच्या वाटचं मी म्हन्ते."

आणि तिनं म्हटलं. जाड, खरखरीत आवाज, कुणाच्या सुरात न मिसळणारा. स्तोत्रात तो आवाज मी लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. शेवटच्या ओळीपर्यंत ती थांबली नाही. आई तिच्या खांद्यावर कपाळ टेकून रडली, वडील गेल्यापासून पहिल्यांदा.

दुपारी मावशीनं भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी केली आणि आईला चार घास खायला लावले. मी विचारलं, "मावशी, आता पटले का तुम्हाला स्तोत्रातले शब्द?"

"समदं कुठं पटलं? लेकरू गेलं ते गेलंच. पर तुझी माय माझ्यापाशी इतकी वर्सं बसली, ती उगंच बसली व्हय?"

नंतर मला नांदेडला शाळेत नोकरी लागली. आई माझ्याकडे आली, पण शहरात तिचा जीव रमेना. नाताळ जवळ आला की ती पिशवी भरून बसे, आणि मी तिला मावशीच्या गावाकडच्या गाडीत खिडकीपाशी जागा धरून देई.