गंगू रस्त्याच्या मधूनच चालली

कातकरवाडीची गंगू हिलम दहाव्या वर्षापासून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन ती विकायला अनवाणी पौडच्या बाजाराला जायची. अठ्ठावन्न साली वाडीखालचा रस्ता मोटारींसाठी रुंद करायला घेतला. कडेच्या ज्या मऊ मातीवरून बाया चालायच्या, तिच्यावरच ठेकेदारानं खडीचे ढीग ओतले. मोटारीला रस्ता, खडीला कड, मग माणसानं चालायचं कुठं? गंगू सरळ रस्त्याच्या मधून चालू लागली.

एका सकाळी मागून रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांची जीप भोंगा वाजवत आली. गंगू हलली नाही.

"बहिरी हायेस काय गं?" ड्रायव्हर खेकसला.

"कान शाबूत हायेत. कडंला जागा करा, मग सरकते."

मैलभर जीप तिच्या चालीनं रांगली. शेवटी साहेब तावातावानं उतरले आणि तिला अडवायला कडेनं पळत पुढं निघाले. खडी सरकली आणि ते गुडघ्यावर आपटले.

डोक्यावर मोळी, त्यामुळे गंगूला खाली बघता येईना. समोर बघतच ती म्हणाली, "सायब, तुमच्या पायात तर बूट हायेत. डोक्यावर बी काय न्हाई."

आठवड्यात खडी हलली आणि कडेला मातीची अरुंद पायवाट झाली. दुसऱ्या दिवशी गंगू पुन्हा रस्त्याच्या मधोमध!

"आता काय?" साहेबांनी कपाळाला हात लावला.

"जाणारीची वाट झाली," गंगू म्हणाली. "समोरनं मोळी घेऊन येणारीनं काय उडून जायाचं?"