आठ खुणांची बाटली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच चहाचा घोट तोंडात असताना हसलात तर ठसका लागेल, आणि माझ्यासमोर कुणी खोकलं की मला अजून दगडूबाबा आठवतात. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली मी, किती इंजेक्शनं दिली, किती गोळ्या वाटल्या, त्याचा हिशोब नाही. पण नोकरी लागायच्या आधीच, शिकत असताना, मी जो पराक्रम करून बसले त्याला तोड नाही. आता काय सांगू तुम्हाला, एक साधी कागदाची पट्टी कापायची होती हो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी नगरला नर्सिंग शिकत होते. डोक्यावर टोपी चढून जेमतेम तीन आठवडे झाले होते. ती टोपी मी आरशात बघून इतक्यांदा सरळ करायची की मैत्रिणी म्हणायच्या, मंदे, झोपताना तरी काढ. तेवढ्यात आमच्या तुकडीला सुप्याकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात महिनाभर कामाला पाठवलं. सोबत आमच्या शिक्षिका साळवे सिस्टर. सिस्टर हळू बोलायच्या. त्या जितक्या हळू बोलायच्या तितके आमचे पाय जास्त लटपटायचे.

त्या वेळी दवाखान्यात खोकल्याचं औषध आजच्यासारखं खोक्यातून, प्लॅस्टिकच्या टोपणासकट मिळत नव्हतं. मोठ्या बरणीत मिक्श्चर तयार असायचं आणि माणसं घरून बाटली घेऊन यायची. शाईची, रॉकेलची धुतलेली, नको त्या पेयाची, कसलीही. कंपाउंडर त्यात आठ डोस मोजून ओतायचा आणि बाटलीला बाहेरून खाचांची कागदी पट्टी चिकटवायचा. एका वेळी एका खाचेपर्यंत प्यायचं, झालं.

पट्टी कापण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. औषधाच्या उंचीएवढा कागद घ्यायचा, मधोमध दुमडायचा, परत दुमडायचा, परत एकदा. कात्रीने कोपरे उडवायचे. उघडला की आठ सारखे भाग. माझ्या पट्ट्या रांगेत ठेवल्या तर देव्हाऱ्याला झालर म्हणून लावाव्यात इतक्या देखण्या. सिस्टरांनी शिकवलेली रीत वेगळी होती. मापाचा काचेचा ग्लास डोळ्यासमोर धरून एक डोस मोजायचा, बाटलीत ओतायचा, तिथे खूण करायची. मग दुसरा, मग तिसरा. असं आठ वेळा. पण एवढा वेळ कुणाला आहे? माझ्या घडीचं काम दोन मिनिटांत व्हायचं.

त्या दिवशी शुक्रवार होता. डॉक्टर चिठ्ठ्या लिहून जीपने पुढच्या गावाला गेले. सिस्टर बाकीच्या मुलींना घेऊन वस्तीवर गेल्या. दवाखान्यात राहिलो मी आणि कंपाउंडर रसूलचाचा. चाचांची नमाजची वेळ झाली. जाताना ते बजावून गेले, "बेटी, पट्ट्या कापून ठेव. औषध मी आल्यावर देईन. तू देऊ नको."

मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

चाचा वळले असतील नसतील, तोच दगडूबाबा आले. सत्तरीचे, फेटा, काठी, आणि छातीतून भाता चालावा तसा खोकला. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी फेट्यात खोचलेली. कमरेची गाठ सोडून त्यांनी बाटली काढली. मी बघतच राहिले. वासाच्या तेलाची नक्षीदार बाटली, वर बारीक निमुळती, खाली घागरीसारखी फुगलेली.

"धाकल्या सूनबाईच्या रुखवतातली हाय," बाबा म्हणाले. "दुसरी न्हवती घरात. द्या भरून, बाई. दोन मैल चालत जायाचं हाय मला."

दोन मैल, तो खोकला, आणि मी एकटी, टोपी घालून. माझ्यातली परोपकारी नर्स उफाळून आली. मी आठ डोस मोजून ओतले. ते मात्र नीट मोजले बरं का, ग्लास डोळ्यासमोर धरून. औषध गळ्यापर्यंत आलं. मग कागद घेतला आणि घड्या घालायला लागले.

आता एक दुसरं काम होतं. येईल त्या माणसाला घरची माहिती विचारून वहीत लिहायची, असा सिस्टरांचा दंडक होता. माझे हात पट्टीत होते, तोंड मोकळं होतं. म्हटलं, दोन्ही कामं एकदम उरकू.

"बाबा, घरात माणसं किती?"

बाबांनी बोटं मोजली. "आठ."

"आठ," मी मोठ्यानं म्हटलं, कात्री चालवली, पट्टी उघडली. आठ खुणा. खळ लावून बाटलीवर चिकटवली. त्या नक्षीवर माझी पट्टी काय शोभून दिसत होती म्हणून सांगू. मी बाटली लांब धरून, जवळ धरून, तिरकी धरून बघितली. या कौतुकात एकच गोष्ट सांगायची राहिली. औषध कुणी घ्यायचं, कधी घ्यायचं, दिवसातून कितीदा घ्यायचं. तशी एकच म्हणायची; तुम्हाला तीन वाटतील.

मी एवढंच म्हटलं, "बाबा, खूण ओलांडायची नाही हं."

"न्हाई वलांडत," बाबा म्हणाले. शपथ घ्यावी तसे म्हणाले. आणि गेले.

चाचा परत आले, जेवले, दुपारी निवांत बसले तेव्हा मलाच राहवलं नाही. चूक केली होती ती सांगायला नाही, फुशारकी मारायला. म्हटलं, "चाचा, रागावू नका, एका म्हाताऱ्या बाबांना औषध देऊन टाकलं. पण पट्टी बघायला हवी होती तुम्ही. असल्या वाकड्यातिकड्या बाटलीवर आठ खुणा, एक तसूभर मागंपुढं नाही."

चाचांनी विचारलं, "वाकडी म्हणजे कशी होती बाटली?"

मी हातांनी दाखवलं. वर अशी, खाली अशी.

चाचांनी पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ओढला. "बेटी, या तांब्याच्या गळ्यात बोटभर पाणी आणि या पोटात बोटभर पाणी, सारखं असतं का?"

वरच्या खुणेत दोन थेंब आणि खालच्या खुणेत पेलाभर. आणि ते मिक्श्चर मापात घेतलं तर खोकला बसवणारं, जास्त झालं तर माणसालाच बसवणारं, म्हणजे गुंगी आणणारं. त्या अशक्त म्हाताऱ्याने तळाचा डोस घेतला तर? मला दगडूबाबा डोळे मिटून पडलेले दिसायला लागले. टोपी गेली खड्ड्यात, बाबा जगले पाहिजेत, एवढंच डोक्यात.

"आजचे दोन-तीन डोस वरचेच असतील, छोटे," चाचा म्हणाले. "घाबरू नको. पण आत्ताच्या आत्ता जा, बाटली घेऊन ये."

मी जी सुटले. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्ये बैलगाडीची चाकोरी, आणि त्यातून पांढरी साडी गुडघ्यापर्यंत उचलून पळणारी मी. वाटेत एक गाडीवाला भेटला. म्हणाला, बसा बाई. बसले. त्याचे बैल इतके निवांत की पन्नास पावलांवर मी उतरले आणि परत पळत सुटले.

बाबांचं घर लांबूनच कळलं, कारण आत भांडण चाललं होतं. दारात पोहोचले आणि जोत्यावर नजर गेली. तिथे एक माणूस उताणा पडला होता. निपचित.

पण ते बाबा नव्हते. चांगला तगडा, काळ्या मिशांचा गडी होता, आणि घोरत होता.

"ह्यो आमचा थोरला, किसन," आजी बाहेर येत म्हणाली. आजी म्हणजे बाबांची बायको. "औषिद प्याला अन् पसारला. मोटंवर कुनी जायाचं आता?"

"औषध हे प्याले?" मी किंचाळले. "यांना कुणी दिलं?"

"समद्यांनीच घेतलं की. तुमीच दिलंय न्हवं?"

मग सगळा उलगडा झाला. म्हणजे बाई घड्या घालत विचारते घरात माणसं किती, बाबा म्हणतात आठ, बाई आठ म्हणून आठ खुणा कापते. याचा अर्थ शहाण्या माणसाने काय लावायचा? सरकारने घरटी औषध दिलंय, माणशी एक खूण. बाबा आले, सगळ्यांना ओळीने बसवलं, वाटी घेतली आणि वाटप केलं. एकदाही खूण ओलांडली नाही. बाटली रिकामी झाली होती.

औषध कडू. त्यामुळे पोरींना आधी धरून पाजलं, मग बायकांनी घेतलं, गडीमाणसं मागे मागे सरकत राहिली. साहजिकच बाटलीचं पोट त्यांच्या वाट्याला आलं. शेवट किसनचा. आणि भांडण होतं ते यावरून.

"माझी बाटली, अन् मला घोटभरबी न्हाई," धाकटी सून आजीला सांगत होती, "अन् दादास्नी वाटी भरून वर उरलं. आत्याबाय, ही कसली वाटनी म्हनायची?"

"खुना सारख्याच हुत्या," धाकटा मुलगा जांभई देत म्हणाला. त्याची शेवटून दुसरी खूण.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पट्टी माझी होती ना. मी खाली बसले, किसनची नाडी धरली, श्वास मोजला, पापणी उघडून बघितली. त्याने डोळे उघडले, मला बघितलं, "राम राम, बाई," म्हणाला आणि कुशीवर वळला. सगळं ठीक होतं. मग धाकटी नात शोधली, तीन वर्षांची. ती अंगणात कोंबडीमागे धावत होती. तिच्या वाट्याला वरचा निमुळता गळा आला होता, म्हणजे जेमतेम जीभ ओली झालेली. मला इतकं बरं वाटलं की मी त्या कोंबडीलासुद्धा जवळ घेतलं असतं.

आणि मग एकदम आठवलं.

"बाबा कुठायत? बाबांनी किती घेतलं?"

आजीने बोट दाखवलं. आतल्या खोलीत, घोंगडी पांघरून, भिंतीला टेकून दगडूबाबा बसले होते. खोकत होते. दवाखान्यातल्यापेक्षा जरा जास्तच.

"बाबा, तुम्ही कुठली खूण घेतली?"

"म्या?" बाबा म्हणाले. "म्या न्हाई घेतलं. मला काय आठांत धरलं न्हवतं. तुमी घरात मान्सं किती इचारलं, म्या घरातली सांगितली. मी तर तुमच्यापुढंच हुबा हुतो."

मी मनातल्या मनात मोजलं. बाबा धरून नऊ.

"मला ठावं हुतं, आजारी मान्साचं येगळं आसंल," बाबा आजीकडे वळून समाधानाने म्हणाले. "बघ, म्हनलं न्हवतं का? माझं औषिद घिऊन बाई सोता आली."

आणि त्यांनी हात पुढे केला.

रिकाम्या हाताने मी त्या हाताकडे बघत उभी राहिले. सगळं घर माझ्या हातात पिशवी शोधत होतं. पिशवी मी आणलीच नव्हती. शेवटी बाबांच्या पाया पडले, चूक कबूल केली, आत्ता घेऊन येते म्हणाले आणि परत दोन मैल.

दवाखान्यात सिस्टर आलेल्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगून टाकलं. चाचांनी देऊ नको म्हटलेलं, घड्या, आठ, खूण ओलांडू नका, सगळं. टोपी काढून टेबलावर ठेवली. सिस्टर नेहमीसारख्या हळू आवाजात म्हणाल्या, "औषध देताना पाच गोष्टी बघायच्या. माणूस, औषध, माप, वेळ, द्यायची रीत. यातली एक तरी बरोबर आली का?"

"औषध बरोबर होतं, सिस्टर."

त्यांनी कागद ओढला. कुणी किती घेतलं, वय काय, बांधा कसा, एकेक विचारलं. तीन वर्षांची नात, वरची पहिली खूण. आठ वर्षांची नात, दुसरी. मग लेक, सुना, आजी. मग धाकटा. मग किसन, पहिलवान माणूस. चाचांनी तशीच एक बाटली कपाटातून शोधून आणली, सिस्टरांनी ग्लास डोळ्यासमोर धरला आणि खुणांबरहुकूम पाणी मोजत गेल्या. मी टोपीकडे बघत उभी. ही माझी शेवटची संध्याकाळ, उद्या सकाळच्या गाडीने घरी.

सगळे आकडे सिस्टरांनी कागदावर मांडले. मग चाचांना म्हणाल्या, "वयावरून आणि वजनावरून डोस कसा काढायचा, हे मी इतकी वर्षं मुलींना शिकवतेय. तळाचा एक सोडला तर इतका नेमका आजवर कुणालाच काढता आला नव्हता." टोपी उचलून माझ्या हातात दिली. त्यांचे ओठ थरथरत होते, आणि तो राग नव्हता.

"मंदा, आख्ख्या घराला ज्याचा त्याचा डोस पोचवलास," त्या म्हणाल्या. "आता जा, आणि त्या घरात जो आजारी आहे, त्यालाही थोडं दे."