जिन्याखालची मोटारसायकल

"गाडी कोणाची, ते आधी सांगा!"

आमच्या क्वार्टर्सच्या जिन्यापाशी कुणी मोटारसायकल उभी केली, की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून हा आवाज यायचा. माणूस पंजाबी दिसला, की तेच हिंदीत: "बता के लगाओ जी, किसके घर आये हो?" उत्तर मिळेपर्यंत खिडकी बंद व्हायची नाही.

ओरडणारे ते शेजारी मूळचे मिरजेचे. बदली होऊन चंडीगढला आलेले, माझ्याच सरकारी कचेरीत. तिथेही स्वतःची स्कूटर रांगेत न लावता लांब, झाडाखाली एकटी लावायचे. तुम्ही त्यांना तेव्हा पाहिलं असतंत, तर आमच्यासारखेच हसला असतात. पण ती नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, पंजाबातल्या दहशतवादाची वर्षं. कुठल्याशा बाजारात उभ्या स्कूटरमध्ये स्फोट झाल्याची बातमी आली, की आम्हीही मुलांना अंधाराआधी घरात घ्यायचो. ते खिडकीतून ओरडायचे, आम्ही मनातल्या मनात, एवढाच फरक.

थंडीतली एक दुपार. मुलं जिन्यासमोर उन्हात खेळत होती, माझी मुलगीही त्यांच्यात. जिन्याखाली अनोळखी मोटारसायकल, तिच्या हँडलला जड पिशवी. त्यांनी वरून दोनदा विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. ते खाली आले, त्यांच्यामागे मीही आलो. त्यांनी वाकून कान लावला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"भाऊ, आत टकटक होतेय."

मीही ऐकलं. टक्... टक्.

"हात लावू नका," मी म्हणालो. "पोलिसांना फोन करू."

"फोन पार कोपऱ्यावर. तोवर ही पोरं? तुम्ही त्यांना मागे न्या. पळा!"

मी मुलांना इमारतीमागे रेटलं आणि कोपऱ्यावरून डोकावलो. ते ती गाडी मोकळ्या मैदानाकडे ढकलत होते. ओठ पुटपुटत होते. मैदानाच्या कडेच्या विटांना चाक अडलं, तोल गेला आणि गाडी त्यांच्या पायावर पडली. पिशवीत काहीतरी खणकन वाजलं. मी मुलीचं डोकं पोटाशी दाबून डोळे मिटले.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले तेव्हा मातीत स्टीलचा डबा लोळत होता आणि भोवती पंजिरी सांडली होती. बाळंतिणीला देतात ती, तुपात भाजलेल्या पिठाची.

तळमजल्यावरून एक सरदारजी अनवाणी धावत आले. बहिणीचं बाळ पाहायला आले होते, ते बघण्याच्या घाईत पिशवी हँडललाच राहिली होती. त्यांनी आधी गाडी उचलली, मग विचारलं, "हुआ क्या?"

"अंदर टकटक..." शेजाऱ्यांनी गाडीकडे बोट दाखवलं.

"इंजन ठंडा हो रहा था, भाईसाब." आणि मग सरदारजींच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. "पगड़ी देख के शक किया?"

"पगडी दिखीच नहीं जी. सिर्फ गाडी दिखी. मैं बहुत डरता हूँ."

सरदारजी तिथल्याच विटांवर बसले.

"डरता तो मैं भी हूँ," ते हळूच म्हणाले. "हर नाके पे बंदूक मेरी तरफ होती है."

मग त्यांना शेजाऱ्यांची पोटरी दिसली. सायलेन्सरने चांगलीच भाजली होती. त्यांनी त्याच मोटारसायकलवर मागे बसवून त्यांना दवाखान्यात नेलं.

पुढे दिवस निवळले. मोटारसायकली घरोघरी आल्या, माणसं त्या वाटेल तिथे लावू लागली. शेजारी निवृत्त होऊन मिरजेला गेले. त्यांचा मुलगा मात्र इथेच आयटी पार्कमध्ये नोकरीला लागला, त्याच्याकडे ते एकदा आले. त्याचं ऑफिस बघायला आम्ही दोघं गेलो. फाटकापर्यंत शेकडो मोटारसायकली एकमेकींना खेटून उभ्या होत्या. ते जागीच थांबले.

"बाबा, चलो ना यार, कुछ नहीं होता," मुलगा पुढून म्हणाला.

त्यांनी माझा हात धरला. तळवा घामाने भिजला होता. दोन पावलं टाकली असतील, तोच त्यांनी मला हलकेच ओढून दुसऱ्या बाजूला घेतलं आणि स्वतः गाड्यांच्या बाजूने चालू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. ऑफिसला गेलो त्या दिवशी गाड्यांची रांग संपेपर्यंत त्यांनी मला पुन्हा त्या बाजूला येऊ दिलं नव्हतं.