कॉलर बोन जुळेपर्यंत

फौजेतून निवृत्त झालो आणि माझं पुढचं पोस्टिंग सिल्वासाला लागलं. यार्नच्या कंपनीचं गेट. हाताखाली चार गार्ड, समोर ट्रकांची रांग, दिवसभर हॉर्न. इथली माणसं मला फौजीकाका म्हणतात आणि हटकून विचारतात, गोळी लागली होती का? गोळी लागली नाही. माझं कॉलर बोन मोडलं होतं. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात.

भटूचा चेहरा मात्र पडला नाही. भटू आमच्या लोडिंगमधला, साक्रीकडचा. अथालच्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली आणि तो खांद्यावर आपटला. कॉलर बोन, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं आडवं हाड, मधोमध मोडलं. डॉक्टरांनी हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून त्याला घरी बसवलं. दुसऱ्याच आठवड्यात हा गेटवर हजर. पट्टा खिशात.

"आत सोडा, काका."

"आधी पट्टा घाल."

"मन्हा जोडीदार रघू एकटा दोघांची खोकी उचलतो. माले घरी बसवत नाही. ऑपरेशन करून प्लेट टाकून घेतो, म्हणजे सोमवारी कामावर. काय म्हणता?"

मी त्याला केबिनमध्ये बसवलं. मला राग आला होता. त्याच्यावर नाही. घरी बसवत नाही म्हणजे काय होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

मी तेव्हा नायकाच्या हुद्द्यावर होतो. आमची पोस्ट उत्तरेला, उंच बर्फात. तिथे सगळं जोडीने चालतं. जोडीदाराला बडी म्हणतात. पेट्रोलला, म्हणजे गस्तीला जोडीने, पाण्याला जोडीने, संडासलासुद्धा जोडीने. माझा बडी लान्स नायक सदाशिव, कोकणातला, जिभेला हाड नसलेला. पेट्रोलमध्ये मी पुढचा स्काउट, सगळ्यांच्या पुढे वाट पारखत चालणारा, तो माझ्या मागे. मी पडलो तर माझी जागा त्याची.

एका सकाळी पाण्याचा जेरीकॅन आणताना माझा पाय सटकला. खांदा बर्फावर आपटला. हाड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही आला.

"कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो.

सिव्हिलमधल्या लोकांना हे पटत नाही, पण फौजी मोडलेलं हाड लपवायला बघतो. मेडिकल कॅटेगरी घसरली की पोस्ट सुटते, प्रमोशन अडकतं. सदाशिवने माझा बेल्ट धरला.

"गाढवा, चल गप."

पोस्टवर डॉक्टर नसतो. नर्सिंग असिस्टंट असतो, त्यालाच सगळे डॉक्टरसाब म्हणतात. त्याने मनगटाची नाडी पाहिली. बोटं हलवायला लावली. हाडाचं टोक कातडीला आतून टोचत नाही ना, ते चाचपलं. मग खाली मेडिकल ऑफिसरना रेडिओवर कळवलं. उत्तर आलं.

"नाडी ठीक, कातडी ठीक, तर स्लिंग पुरे. हवा उघडली की हेलिकॉप्टर. ओव्हर."

हवा उघडेना. हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून मला रेडिओवर बसवलं. दोन हातांचं काम एका हाताने होत नाही आणि डोकं मात्र दुप्पट चालतं. मी उठायचो, बसायचो, पट्ट्याची गाठ सैल करायचो, पुन्हा घट्ट करायचो. पेट्रोल निघालं तेव्हा सदाशिव माझ्या जागी पुढे होता. जाताना त्याने बंकरमध्ये डोकं घातलं.

"हाड जुळव. बाकीचं मी बघतो. आणि माझ्या वाटचा चहा पिऊ नकोस."

थोड्या वेळाने रेडिओ बोलला.

"चार्ली फॉर आल्फा. नाला ओलांडतोय. ओव्हर."

"आल्फा. रॉजर."

मग नुसती खरखर. मी तीनदा हाक दिली. चौथ्या हाकेला आवाज आला, धापा टाकत.

"बर्फ सुटला. एक जवान दबला. पुढचा स्काउट. मदत पाठवा. ओव्हर."

पुढचा स्काउट. ती माझी जागा होती.

बचाव पार्टी निघाली. पोस्ट कमांडर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू नाही." सेटवर दुसरा जवान बसला तसा मी पट्टा काढून फेकला आणि पार्टीच्या मागे चालू लागलो. साहेबांनी वळून पाहिलं. मग पुढे चालू लागले. नाल्यात मी दोन्ही हातांनी फावडं मारलं. खांद्यात काहीतरी सरकलं ते कळलं, पण थांबलो नाही. दुपारी सदाशिव सापडला. तो गेला होता.

हवा उघडली. एकाच हेलिकॉप्टरने आम्ही दोघे खाली उतरलो.

बेस हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. टोकं एकमेकांवर चढली होती, एक टोक कातडी उचलत होतं. सर्जन म्हणाले, "पट्ट्यात राहिला असतास तर बहुधा आपोआप जुळलं असतं. आता प्लेट." प्लेट टाकली, स्क्रू लावले. हाड जुळलं. पण व्रणाखालची कातडी आजही बधिर आहे. पिठ्ठूचा, म्हणजे पाठीवरच्या पिशवीचा पट्टा प्लेटवर घासायचा, म्हणून ती काढायला पुन्हा टेबलावर जावं लागलं.

हे सगळं भटूला सांगितलं. म्हणालो, "बहुतेकांचं हाड पट्ट्यातच जुळतं. जरा गाठ राहते, पण हात चालतो. टोकं फार सरकली, कातडी फाटायला आली, किंवा महिने उलटूनही जुळलं नाही, तर प्लेट. आणि प्लेट टाकली तरी सोमवारी खोकी उचलता येत नाहीत. जुळायला लागणारा वेळ हाड घेतंच. तुझा एक्स-रे डॉक्टरने पाहिलाय, मी नाही. त्याला विचार. तोवर बोटं आणि कोपर हलवत राहा. तंबाखूही सोड, तिने हाड उशिरा जुळतं."

तंबाखूचं त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं.

"काका, तुम्ही पट्टा काढला, त्याचं वाईट वाटतं?"

"नाही. आजही काढीन. माझा माणूस बर्फाखाली होता. तुझा रघू पंख्याखाली उभा आहे."

भटूने खिशातून पट्टा काढला. गळ्यात घातला. गाठ मी मारली. त्याने फोन लावला, स्पीकरवर.

"रघू, डॉक्टर हो म्हणत नाही तोवर येत नाही रे. तुलेच उचलावं लागेल."

"आरे येड्या, तुले कोण बोलावस? मी शे ना आठे! तुटेल हात लई उनास ते दुसराबी मी मोडसू!"

मी आहे ना इथे, तुटका हात घेऊन आलास तर दुसराही मोडीन, असं त्याचं म्हणणं. पुढचं छापण्यासारखं नाही. रघू मनसोक्त शिव्या देत होता आणि भटू हसत होता. मी उठून बाहेर गेटवर आलो. सदाशिवच्या तोंडून तशी एक शिवी ऐकायला मी दोन्ही खांदे मोडून घेतले असते.